येताना येतो

...शांत व्हा म्हणे! काहून शांत व्हायचं? दीडशे किलोमीटर सायकल हाणली म्या, राजेहो, दीडशे! यवतमाळ ते पांढरकवडा आन् पांढरकवडा ते परत यवतमाळ, फागुनाच्या उन्हात, ह्या वयात, ह्या गुडघ्यांवर, आन् त्या सीटवर... सीट म्हणतात त्याले! आमच्या यष्टीतली शेवटची सीट, जिथं मागच्या चाकाचा दणका थेट डोक्शात जाते, ती त्याच्यापुढं गादी आहे, गादी! चार दिवस झाले, मी अजून पालथा झोपून राह्यलो. आन् एवढं करून भेटलं काय? नऊ मिनिटं लेट! मेडल नाही, सर्टिफिकेट नाही, एक केळ ठेवलं हातावर. केळ! मी काय गणपती पाहाले गेलतो? आन् हे सगळं कशापायी? दोन शब्दांपायी. माह्याच तोंडच्या दोन शब्दांपायी. 'येताना येतो.'

नाही, आता विषय निघालाच आहे तर पुरा ऐकूनच जा. उठू नका कोणी. ते मागचं दार लावा. हं.

तर मी गोपाल. यवतमाळले कोणालेही विचारा, गोपाल कंडक्टर. चोवीस वर्षं झाली, यवतमाळ-घाटंजी-पांढरकवडा, ह्या एका रस्त्यावर माही अर्धी जिंदगी उभ्यानं गेली. आन् कंडक्टरच्या नशिबी काय असते, तुमाले सांगतो? रस्त्यात म्हशी बसल्या, लेट कोणामुळं? कंडक्टरमुळं! नाल्याले पूर आला, कंडक्टर! कोणाची वरात आडवी आली, नवरदेव घोड्यावर नाचून राह्यला, तरी मागून आवाज येते, 'ओ कंडक्टर, काय झोपले का?' अरे घोडा काय माह्या बापाचा आहे? चोवीस वर्षांत एक माणूस, एक, असा भेटला नाही जो उतरताना म्हणला असंल, 'वा गोपालभाऊ, टायमात आणलं.' एक नाही! काही जण तर टायमात उतरले तरी सवयीनं शिव्या देऊन जातात.

आन् म्हणूनच मी फसलो. माही पोरगी सलोनी, कॉलेजात आहे, डॉक्टरनं माही शुगर पाह्यली तवापासून तिनं माह्यामागं लकडा लावला. 'बाबा सायकल चालवा, बाबा सायकल चालवा.' चालवाले लागलो. सकाळी दहा, मंग वीस, मंग चाळीस किलोमीटर. चांगलं वाटाले लागलं राजेहो, खोटं कायले बोलू. तर एक दिवस तिनं मोबाईल माह्या नाकासमोर धरला. 'बाबा, फागुन फेरी! शंभर-दीडशे जण येतात. दहा तासांत दीडशे किलोमीटर. तुमचाच रूट आहे!' म्या म्हटलं, हट. चोवीस वर्षं तोच रस्ता पाह्यला, आता सुट्टीच्या दिवशीही तोच पाहू? तवा तिनं खाली बोट सरकवलं आन् ते सर्टिफिकेट दाखवलं. त्याच्यावर छापेल होतं, 'श्री. अमुक अमुक यांनी हे अंतर निर्धारित वेळेत पूर्ण केले.'

निर्धारित वेळेत! राजेहो, माह्या नावापुढं! सही-शिक्क्यानिशी! म्या तेच वाक्य तीनदा वाचलं. मंग उठलो, हातोडी आणली आन् बैठकीत, टीव्हीच्या वर, खिळा ठोकला. आमची बेबी, म्हणजे माही बायको, स्वयंपाकघरातून आली. 'कायचा खिळा आहे हा?' म्या म्हटलं, सर्टिफिकेटचा. ती म्हणते, 'भेटलं?' म्या म्हटलं, भेटणार आहे. ती म्हणते, 'असं पोट्टं होयाच्या आंधी पाळणा बांधू नये माणसानं.' तिची जीभ काळी आहे, मी आजचं सांगत नाही. पण तेवढ्यावर थांबंल ती बेबी कायची? तिनं त्याच संध्याकाळी माहेरी फोन लावला! 'आई वं, रविवारी हे तुह्या गावावरून जाऊन राह्यले. सायकलनं!'

झालं. तिथंच माहं मेडल गेलं, पण मले काय माहीत!

कारण माही सासरवाडी आहे चिंचटेकले. घाटंजीच्या पुढं, बरोब्बर रस्त्यावर. म्हणजे रस्त्याच्या जवळ नाही हो, रस्त्यावर! स्टॉपवर गाडी थांबली की दारातून दिसते सासूबाईची ओसरी. तुमाले हात जोडून सांगतो, पोरायले लग्न करायचं असंल तर सारं पाहा, शेती पाहा, पोरगी पाहा, पण सासरवाडी ड्युटीच्या रूटवर आहे का ते आंधी पाहा! चोवीस वर्षं, हप्त्यातून चार-पाचदा, माही गाडी त्या गावातून गेली. आन् चोवीस वर्षं माही सासू धुरपताबाई त्या स्टॉपवर उभी. हातात थैली. थैलीत कधी तुरीच्या शेंगा, कधी हुरडा, कधी नुसते दोन लिंबू. 'उतरा नं जवाईबाप्पू, घोटभर चा घ्या.' आन् म्या खिडकीतून थैली घ्यायची, 'येताना येतो, मामी!' म्हणायचं आन् टण टण, डबल घंटी. संध्याकाळी येताना ती पुन्हा उभी. 'उतरा नं.' म्या म्हणायचं, 'गाडी लेट आहे मामी!' टण टण. तुमीच सांगा, जाताना येताना येतो, येताना लेट आहे, ह्याच्यात वाईट काय? सगळेच म्हणतात. तुमी नाही म्हणत? अख्ख्या वऱ्हाडात 'येताना येतो' म्हटलं की समोरच्याले समजते का हा माणूस येत नाही. रीतच आहे ती! त्याचा अर्थ कोणी लावत बसते का?

तर रविवारी पहाटे पाच वाजता यवतमाळवरून सुटलो. ते कपडे! त्या चड्डीले मागून गादी लावेल असते, बायामाणसांतून चालावं तर लाज वाटते, का ह्या माणसाचं काही उतू चाललं का काय. आन् अंगाले अशी चिपकते का माणूस कपडे घालून नागवा दिसते. तिथं मांडवात प्रेरणा मॅडम होत्या, त्यायनंच ही सगळी फेरी भरवली. हसत हसत म्हणल्या, 'काका, तीन वाजता क्लोज बरं का. तीन वाजून एक मिनिट झालं तरी नाही. नियम म्हणजे नियम!' म्या म्हटलं, मॅडम, नियम तुमी मले शिकवून राह्यल्या? चोवीस वर्षं घंटी कोणाच्या हातात होती?

आमी पाच जण एका साखळीत होतो. म्हणजे काय, तर एकामागं एक चालवायची, पुढच्यानं हवा तोडायची, मागच्यानं आराम कराचा, आन् कोणी कोणाले सोडून जायचं नाही. त्यात एक नागपूरचा इंजिनिअर. त्याची सायकल एका बोटानं उचलली जाते, आन् तो खाते काय? पाकिटातला चीक! जेल म्हणतात त्याले. वैताग येते नुसतं पाहून. जरा वेळ झाला का दातानं पाकीट फाडते, चोखते, आन् म्हणते, 'काका, जेवण-बिवण काही नको, राइडमध्ये जड खाल्लं की संपलं.' लक्षात ठेवा हे वाक्य. जड खाल्लं की संपलं.

पण खरं सांगू? सकाळ लय मस्त होती. थंडी शेवटची, उजाडता उजाडता रस्त्याच्या दोन्ही बाजूले पळस पेटेल, वावरात कापसाची शेवटची वेचणी, आन् चोवीस वर्षांत पहिल्यांदा मी त्या रस्त्यानं जाऊन राह्यलो आन् मागून कोणी शिव्या नाही देऊन राह्यलं! घाटंजी टायमाच्या आधी. मी पुढं, चौघं मागं. सव्वाआठ वाजता चिंचटेकचा उतार लागला, सायकल अशी सुटली, आन् समोर पाहातो तर...

स्टॉपवर धुरपताबाई. हातात थैली.

म्या मान खाली घातली राजेहो. हेल्मेट, काळा चष्मा, तोंडाले रुमाल, माह्या मायनं ओळखलं नसतं. पण सासू आहे ती! 'अवं, जवाई आला!' आन् हात दाखवला, यष्टीले दाखवते तसाच. आन् माहं तोंड! माह्या तोंडाले कोणी विचारलंच नाही, चोवीस वर्षांची सवय, ते आपोआपच उघडलं, 'येताना येतो, मामी!' आन् अंगठा घंटीवर, टण टण! सायकलची घंटी! मी गेलो बी पुढं. मागून आवाज आला, 'बरं.'

बरं! नुसतं बरं! तिथंच मले कळाले पायजे होतं. चोवीस वर्षांत ती कधी 'बरं' म्हणली नव्हती. 'अहो पर...' म्हणायची, 'उलिसक तरी...' म्हणायची. आज बरं म्हणली. आन् यष्टीत असताना मी येताना आलो काय, नाही आलो काय, मधात गाडी असते, ड्रायव्हर असते, पन्नास पाशिंजर असतात. आज मी स्वतः, त्याच रस्त्यानं, माह्याच पायानं, येणारच होतो!

साडेनऊले पांढरकवडा. कार्डावर शिक्का घेतला, पाणी प्यालो, फिरलो. गणित पक्कं होतं माहं. अकरा वाजता चिंचटेक, सव्वादोन-अडीचले यवतमाळ, पाऊण तास हातात. पाऊण तास! मी मनातल्या मनात खिळ्यावर सर्टिफिकेट टांगून बी पाह्यलं, उलिसं तिरपं वाटलं, सरळ केलं.

अकराले पाच कमी. चिंचटेक. आन् रस्त्यावर बैलगाडी. आडवी.

बैल सोडेल. म्हणजे गाडी जाऊन नाही राह्यली, येऊन नाही राह्यली, तिची ड्युटीच आडवं उभं राहाची! गाडीच्या एका बाजूले माहा साळा कपिल, ट्रॅक्टर दुरुस्त करते तो, हातभर तेल लागेल. आन् गाडीच्या जुवावर, नवी साडी नेसून, पदर खोचून, धुरपताबाई. मी ब्रेक मारला. मागचे चौघं माह्यावर येऊन आदळता आदळता राह्यले. आन् पुन्हा, माहं तोंड! म्या म्हटलं, 'मामी, सायकल लेट आहे!'

ती खाली उतरली. सावकाश. माह्या हँडलवर हात ठेवला. म्हणते, 'गाडी कोनाची हाय?'

म्या म्हटलं, 'माही.'

'डायवर कोन?'

'मीच.'

'आन् कंडक्टर?'

'...मीच, मामी.'

'मंग उतरा.'

सांगा! काय बोलायचं ह्याच्यावर? वरून बायाईचा हा गोतावळा जमलेला, आन् त्या सगळ्या माह्या चड्डीकडं पाहून राह्यल्या! एक म्हणते, 'अवं बाई, जवाई अर्धाच आला, पँट मांगून येऊन राह्यली काय?' दुसरी म्हणते, 'बेबीनं धुतलीच नसंल!' धुरपताबाई म्हणते, 'अरे कपिल, तुही लुंगी आन.' आन् राजेहो, भर रस्त्यात, दीडशे किलोमीटरची स्पर्धा चालू असताना, मले लुंगी गुंडाळली!

म्या म्हटलं, बरं मामी, पाच मिनिटं. घोटभर चहा, आन् निघतो. म्हटलं आन् मागं वळून पाह्यलं तर सायकल बसेल. पुढचं चाकच नाही! त्या सायकलीले एक खटका असते, वर केला की चाक हातात. सोय म्हणून दिला कंपनीनं, सोय! कपिलनं एका मिनिटात तो खटका शोधला. आयुष्यभर त्यानं कोणाचा ट्रॅक्टर आठ दिवसांच्या आत परत केला नाही, आन् माहं चाक एका मिनिटात! चाक सासूबाईच्या हातात. सासूबाई चुलीजवळ. चाक मांडीवर, आन् वरून पुरण वाटणं चालू!

हो, वाटणं! अजून पोळ्या लाटायच्या बी होत्या! 'झालं, झालं, दोनच मिनिट.' पुरणपोळीले दोन मिनिट? म्या म्हटलं, मामी, माहं चाक द्या. 'जेवल्याबिगर चाक भेटत नाई.' म्या म्हटलं, माह्यासंगं चार माणसं आहेत, त्यायचा टाइम जाऊन राह्यला. म्हणते, 'जवायाचे सोबती म्हनजे वऱ्हाडी. ते का उपाशी जातीन?' मी त्या चौघांकडं आशेनं पाह्यलं. म्हटलं हे म्हणतीन, नाही बाई, आमाले टाइम नाही, जड खाल्लं की संपलं. आन् तो नागपूरचा इंजिनिअर, तो पाकिटातला चीक, त्यानं काय करावं? त्यानं आपली एका बोटावरची सायकल भिंतीले टेकवली, बूट काढले, हातपाय धुतले आन् पाटावर जाऊन बसला! माह्या आंधी! मी जवाई, आन् पहिला पाट त्याचा!

मंग काय, सगळी रीत! पाय धुवायले पाणी. कुंकू. टॉवेल-टोपी, नारळ. टोपी हेल्मेटवर बसत नाही म्हणून हेल्मेट काढलं. ताटात पाहा तुमी, पुरणपोळी, वाटीभर तूप, कोथिंबिरीची सांबारवडी, भजे, कढी, वांग्याची भाजी तिच्यावर तर्री एक बोट. आन् माही शुगर! म्या म्हटलं, मामी, मले गोड बंद आहे. 'एकच घ्या.' एक घेतली. 'एक एकटी जात नाई, दोन घ्या.' दुसरी. इंजिनिअर सातवीवर होता! सातवी! आन् तुपाची वाटी तोंडाले लावून! मी त्याच्याकडं डोळे वटारून पाह्यलं तर म्हणते, 'काका, कार्बोहायड्रेट्स आहेत.' कार्बोहायड्रेट्स! माह्या सासूच्या चुलीवरचे!

घड्याळात पावणेबारा. माहा संताप असा चढला, म्हटलं आता बोलतोच. ताटावर हात आपटला. 'मामी, तुमाले समजून नाही राह्यलं! टाइम आहे त्याले! चोवीस वर्षांत मले एकदा टायमात पोचायचं होतं, एकदा, आन् तुमी चाक घेऊन बसल्या!'

 इंजिनिअरनं तुपाची वाटी खाली ठेवली. आन् धुरपताबाईनं काय केलं? काही नाही. उठून माह्या ताटात पोळी वाढली. तिसरी. आन् म्हणली, हळूच म्हणली, कोणाले ऐकू न जावं अशी,

'चोवीस वर्सं तुमची गाडी लेट व्हती, जवाईबाप्पू. मी म्हनलं का काही?'

...म्या पाण्याचा गिलास उचलला राजेहो, तर रिकामा. पाणी दिलं तिनंच.

आता एक गोष्ट सांगतो, बेबीले सांगू नका. गाडी काही लेट नसायची. चिंचटेकच्या स्टॉपवर दहा मिनिटं थांबता येत होतं, ड्रायव्हर स्वतः उतरून तिथं तंबाखू मळायचा. मीच उतरत नव्हतो. कायले उतरा, म्हणायचं. मंग बसा, मंग चहा, मंग गप्पा, 'बेबी कशी हाय, पोरगी कशी हाय.' कंटाळा यायचा, दुसरं काही नाही. आन् ही बाई रोज थैली घेऊन उभी. उन्हात बी, पावसात बी. थैली मी घ्यायचो, हो! थैलीले कधी उशीर नाही झाला! रिकामी थैली दुसऱ्या दिवशी खिडकीतून फेकत जायचो, ती उचलायची, धुवायची, भरायची, पुन्हा उभी. लाज वाटली मले. सरळ सांगतो, त्या लुंगीत बसून मले जेवढी लाज वाटली तेवढी त्या चड्डीत बी नाही वाटली.

पण म्हणून राग गेला असं समजू नका! राग वेगळा, लाज वेगळी. म्या तिसरी पोळी खाल्ली, चौथी बी खाल्ली, पाचवी मागून घेतली, हो, मागून! आन् हात धुतले. धुरपताबाईनं चाक पदरानं पुसलं, माह्या हातात दिलं. कपिलनं बसवलं. हँडलले थैली अडकवली. बारा वाजून दहा मिनिटं. एक तास पंधरा मिनिटं, राजेहो!

आन् मंग निघालो मी. मी म्हणजे मीच! बाकीचे चौघं तर असे सुस्तावले, तो इंजिनिअर म्हणते, 'काका, एक झोप काढली असती...' म्या म्हटलं, ऊठ बे! भर दुपारी, डोक्शावर ऊन, पोटात पाच पोळ्या, हँडलवर थैली हेलकावे खाऊन राह्यली, टोपी हेल्मेटच्या खालून बाहेर आली, कुंकू घामानं नाकावर आलं. लोक पाहून राह्यले का हा शर्यतीतला आहे का लग्नातून पळाला! घाटंजी गेलं. पायात गोळे आले. पुढची हवा तोडायची पाळी कोणाची? माही. पाठची? माहीच. यवतमाळ जवळ आलं का चढ लागते, तुमाले माहीत आहे, गाडी बी तिथं दुसऱ्या गिअरले कण्हते. तिथं मी रडलो. खरंच रडलो, पण पाय थांबवला नाही. दोन-चाळीस... दोन-पन्नास... शहरात आलो तर चौकात वरात! नवरदेव घोड्यावर! नाचून राह्यला! आन् माह्या तोंडून काय निघालं असंल? मी ओरडलो, 'ओ, काय झोपले का?'

मांडवात पोचलो तर प्रेरणा मॅडम खुर्च्या एकावर एक रचून राह्यल्या. घड्याळ पाह्यलं त्यायनं. चेहरा पडला त्यायचा. 'काका... तीन वाजून नऊ मिनिटं.'

म्या म्हटलं, 'मॅडम, नऊच मिनिटं!'

'काका, सॉरी. नियम म्हणजे...'

म्या तोंड उघडलं. असं भांडणार होतो, असं भांडणार होतो का यवतमाळनं ऐकलं असतं.  पण राजेहो, हे वाक्य माह्या ओळखीचं होतं. स्टँडवरून धावत येणारी बाई, कडेवर लेकरू, एक चप्पल मागं पडेल, 'भाऊ, एकच मिनिट!' आन् मी दारात उभा, टण टण. एकीची नाही गोष्ट, चोवीस वर्षांची आहे. मी कोणत्या तोंडानं म्हणू, नऊच मिनिटं?

केळ घेतलं. घरी आलो.

आन् घरी तरी सुख आहे का? पोरगी म्हणते, 'बाबा, दीडशे झाले ना, बस!' मोबाईलवर त्या चौघांचे मेसेज, म्हटलं चिडले असतीन बिचारे, माह्यापायी त्यायचं बी मेडल गेलं. पाहातो तर इंजिनिअरनं पुरणपोळीचा फोटो टाकला, आन् खाली, 'पुढच्या वर्षी पण हाच ग्रुप!' आन् प्रेरणा मॅडम विचारून राह्यल्या, 'काका, पुढच्या वेळी नाश्त्याचा पॉइंट चिंचटेकला ठेवता येईल का?' म्हणजे मेडल जाऊन सगळे खूश, आन् चिडलेला मी एकटाच! न्याय आहे का हा?

बैठकीत गेलो. टीव्हीच्या वर खिळा. बेबीनं त्याच्यावर काय टांगलं असंल? थैली! रिकामी करून, झटकून! म्हणते, 'रिकामा कायले ठेवायचा?'

 पालथा पडलो. तेवढ्यात फोन वाजला. धुरपताबाई.

'पोचले का?'

'पोचलो मामी.'

'टायमात?'

आता काय सांगायचं तिले? म्या म्हटलं, 'टायमात, मामी. बरोब्बर टायमात.'

'बरं झालं बापा. मले घोर व्हता. आता पुढच्या साली कवा हाय तुमची सायकल? कपिल बाहेरगावी असला तं मंग पंचाईत. तो चाकाचा खटका मलेच शिकून ठेवा लागते...'

म्या डोळे मिटले. त्या सीटचा ठणका, पाच पोळ्या, नऊ मिनिटं, सगळं एकदम आठवलं. आन् म्या म्हटलं,

'मामी, चाक नका काढू. मी जातानाच येतो.'